नात्याच्या रकान्यात मैत्रीण

समकालीन मराठी कथा-कादंबरीवर कुठेही चर्चा निघाली की हल्ली एक वाद हमखास उभा राहतो. मागच्या महिन्यात आमच्या वाचनगटातही तो झाला आणि दोन तास चालून जिथे सुरू झाला होता तिथेच थांबला. एका बाजूचे म्हणणे असे की, दोन मैत्रिणी, एक जुने घर, आईची पत्र्याची ट्रंक आणि त्या ट्रंकेच्या तळाशी सापडलेले गुपित, याखेरीज आजच्या लेखिकांना काही सुचेनासे झाले आहे. बाहेर शेती कोलमडते आहे, शहरे माणसांना गिळत आहेत, धर्माच्या नावाने गल्ल्या दुभंगत आहेत आणि आमची कादंबरी मात्र माजघरात बसून कुजबुजते आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तर तितक्याच जोरात येते: बायकांची मैत्री हीच मुळात क्रांती आहे, ती बळ देते, जखमा भरते, आणि तिला किरकोळ म्हणणाऱ्यांची नजरच पुरुषी आहे. पहिल्या बाजूला हे साहित्य क्षुल्लक वाटते, दुसरीला ते पवित्र वाटते. पुस्तक उघडून त्यात नेमके काय घडते आहे हे पाहण्याची गरज मात्र दोघांनाही वाटत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. घरातले गुपित ही कधीच निव्वळ खाजगी बाब नसते. ते कुणाच्या तरी सोयीसाठी राखलेले असते आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरेच कुणी मोजत असते. वाटणी, वारसा, सोयरीक, जात, अब्रू या सगळ्यांचा व्यवहार अशाच न बोललेल्या गोष्टींवर उभा असतो. मैत्रीण ही त्या व्यवहाराबाहेरची साक्षीदार असते. तिला वाटणीत हिस्सा नसतो, मानपानात जागा नसते, म्हणूनच घरातल्या बाईला जे घरात बोलता येत नाही ते तिच्यापाशी बोलता येते. कादंबरीत दोन बायका एकमेकींना काही सांगत असतात तेव्हा एका अर्थी कुटुंबाचे हिशोब तपासले जात असतात. या लेखनाला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात. गुपित कुणाचे होते, ते राखल्याने कुणाचे भले झाले, आणि ज्या मैत्रिणीच्या पदरात ते पडले तिने त्याचे काय केले? ज्या कादंबरीला हे प्रश्न सोसतात ती माजघरात घडली तरी मोठी असते, आणि जिला सोसत नाहीत ती संसदेत घडली तरी लहानच राहते.

पहिल्या बाजूच्या तक्रारीत तथ्य आहे हे आधी मान्य करायला हवे. साचा तयार झालेला आहे. मीच अलीकडे वाचलेल्या कितीतरी कथांमध्ये आई गेल्यानंतर तेराव्याच्या सुमारास कपाट आवरले जाते, साडीच्या घडीतून एक फोटो किंवा पत्र पडते आणि मुलगी आपल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावते. पुढचे पन्नास पानांआधीच कळलेले असते. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी तर गुपिताचा कारखानाच उघडला आहे. तिथे एखादी गोष्ट लपवली जाते ती केवळ पुढचे दोनशे भाग चालावेत म्हणून. अशा ठिकाणी गुपित पात्राचे नसतेच, ते लेखकाचे असते. पात्राला लपवण्याचे कारण नसते, वाचकाला मात्र शेवटापर्यंत ताटकळत ठेवायचे असते. ज्यांना या प्रकाराचा कंटाळा आला आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही.

पण साचा वाईट निघाला म्हणून विषय खोटा ठरतो का? गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही हिंदी कादंबरी २०१८ साली आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. वर सांगितलेले सगळे साहित्य तिच्यात आहे: ऐंशी वर्षांची आई, नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे, मुलगी, घराण्याला माहीत नसलेले पूर्वायुष्य. तरीही ती साच्यातली वाटत नाही, कारण आईने जे पोटात ठेवले होते ते फाळणीने तिच्यावर लादलेले होते. सीमेपलीकडे राहिलेला पहिला नवरा हे तिचे गुपित खरे, पण ते झाकण्याचे काम दोन देशांनी केले होते. आणि या आईची जिवाभावाची मैत्रीण कोण, तर रोझी नावाची हिजडा. कुटुंबाच्या कोणत्याच रकान्यात न बसणारी व्यक्तीच तिला पुन्हा उभे करते. त्या घरातल्या कपाटात जे बंद होते, त्याला घरगुती कसे म्हणायचे?

‘घरगुती’ हा शब्द आपण फार सहज वापरतो, म्हणून त्याचा इतिहास आठवावासा वाटतो. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि विवाहित मुलीशी शरीरसंबंधासाठी किमान वय दहावरून बारा वर्षे झाले. त्याआधी महाराष्ट्रात जो गदारोळ उठला त्यात विरोधकांचा मुख्य आधार हाच होता की हा आमच्या घरातला, धर्मातला प्रश्न आहे आणि सरकारने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये. त्याच काळात, १८९० पासून, हरि नारायण आपटे ‘करमणूक’ या आपल्या साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः छापत होते. यमू नावाच्या मुलीने स्वतःच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी आहे आणि तिच्या शेजारी पहिल्यापासून तिची बालमैत्रीण दुर्गी आहे. दुर्गीचे सासरी होणारे हाल यमूला कळतात ते मैत्रिणीच्या नात्याने. ते दुर्गीच्या घरातले कुणी जगाला सांगणार नव्हते. बाहेर विद्वान मंडळी उंबरठ्याच्या पावित्र्यावर वाद घालत असताना एका कादंबरीत दोन मुली एकमेकींना उंबरठ्याच्या आतले सांगत होत्या. आज त्या कादंबरीला कुणी माजघरातली कुजबूज म्हणत नाही. आपण तिला मराठीतली थोर सामाजिक कादंबरी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग तेच काम बाई करू लागली की सामाजिक हे विशेषण गळून तिथे घरगुती कसे येते?

हे गळणे १९३३ साली फार स्पष्ट दिसले. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले त्यात होते, आणि मनातल्याइतकेच घरातले होते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हा त्यातल्या एका कथेच्या शीर्षकाचाच प्रश्न आहे. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नसते. हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणीच बोलत नाही. महाराष्ट्र खवळला. पुस्तकावर तुटून पडणाऱ्यांना जितका राग मजकुराचा होता तितकीच ओढ लेखिकेचे नाव उकरून काढण्याची होती. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर उघड झाले. मिळवत्या मुलीचे लग्न का लांबते या प्रश्नाचे उत्तर द्यायला समाज तयार नव्हता, लेखिका कोण या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला ताबडतोब हवे होते.

तब्बल त्र्याऐंशी वर्षांनी, इटलीत, हीच गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी घडली. एलेना फेरांते या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची नेपल्समधल्या दोन मैत्रिणींवरची चार भागांची कादंबरी २०११ ते २०१४ या काळात आली आणि जगभर वाचली गेली. २०१६ साली एका पत्रकाराने पैशांच्या आणि मालमत्तेच्या नोंदी तपासून ही बाई कोण हे आपण शोधल्याचे जाहीर केले. बायकांच्या गुपितांविषयी लिहिणाऱ्या बाईला स्वतःचे एवढे एक गुपित ठेवू द्यायला ना १९३३ चे पुणे तयार होते ना २०१६ चे युरोप. इतके अस्वस्थ करणारे लेखन क्षुल्लक असू शकते का? क्षुल्लक गोष्टीची एवढी चौकशी कुणी करत नाही.

आता गुपिताच्या किमतीकडे वळते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणीत रक्कम आहे याकडे लक्ष देत नाही. झाकण्याला मोल आहे हे आपल्या भाषेला पहिल्यापासून माहीत आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला भाऊ एके दिवशी तालुक्याच्या गावी नेतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही आणि अंगठा होतो, परतताना तिला साडी घेतली जाते आणि रस्त्यात चहा पाजला जातो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला. पण माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. सही का केली, कुणी काय सांगितले, आईने त्या वेळी कुठे पाहिले, हे ती नवऱ्यालाही धड सांगत नाही, कारण सासरी ते उणेदुणे काढायला कामी येईल. ते कळते एकट्या मैत्रिणीला. माहेर आणि सासर या दोन घरांच्या मधल्या जागेत उभी असलेली तीच एक असते.

कायद्यातही या मधल्या जागेला नाव नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची स्वतः कमावलेली मालमत्ता आधी मुलाबाळांकडे आणि नवऱ्याकडे जाते, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. एका बाईला लग्नानंतर तीनच महिन्यांत वैधव्य आले, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, ती माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मालमत्ता तिच्या नवऱ्याच्या वारसांची ठरवली, कारण कायद्याची अक्षरे तशी होती. ज्यांनी हाकलले ते वारस आणि ज्यांनी सांभाळले ते परके. मैत्रिणीचे तर नावच या क्रमात कुठे येत नाही. जिचे नाव क्रमात नाही तिच्याकडेच खरे काय ते ठाऊक असते, आणि नेमकी ही विसंगती कादंबरीचा कच्चा माल आहे.

एक प्रसंग सांगते. ज्या मैत्रिणीचा आहे तिची परवानगी घेतली आहे. काही वर्षांपूर्वी तिला मध्यरात्री एका रुग्णालयात दाखल करावे लागले. खिडकीतून माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला गेला. नाव, वय, पत्ता, आणि मग ‘रुग्णाशी नाते’. मी ‘मैत्रीण’ असे लिहिले. खिडकीतल्या माणसाने ते वाचले, पेनाच्या टोकाने त्या शब्दावर दोनदा टकटक केले आणि शांतपणे विचारले, “नातेवाईक कुणी नाहीत का, ताई?” तिची रक्तातली साखर, तिला न चालणारी औषधे, तिने मुलापासून लपवलेले कर्ज, हे सगळे मला तोंडपाठ होते. ज्या भावाचा नंबर शेवटी मी दिला, त्याला हक्कसोडपत्र करून दिल्यापासून ती त्याच्याशी मोकळेपणी बोललेली नव्हती. तो सकाळी आला आणि त्याच्या सहीने कागद पुरा झाला. मी तो शब्द खोडून ‘बहीण’ लिहिले असते तर कदाचित चालून गेले असते, पण तेव्हा ते सुचले नाही, आणि आज वाटते, सुचले नाही तेच बरे झाले. आपल्याकडे मैत्रिणीला मान द्यायचा तर तिला मानलेली बहीण व्हावे लागते. जाऊ, नणंद, भावजय, विहीण, मावससासू अशी बारीक वीण असलेल्या मराठीत या एका नात्याला मात्र दुसऱ्याचे नाव उसने घ्यावे लागते.

असे असूनही दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मैत्रीचा जयघोष करणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. त्यांनी मैत्रीला देव्हाऱ्यात बसवले आहे आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला चूक करता येत नाही. गुपित हाती आले की माणसाच्या हाती सत्ता येते, आणि सत्ता आली की ती वापरण्याचा मोह येतो. फेरांते यांच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्या दोन मैत्रिणींपैकी लीला आपल्या वह्यांनी भरलेली पेटी दुसरीकडे, म्हणजे एलेना या पात्राकडे, देते आणि उघडू नकोस असे बजावते. एलेना ती उघडते, वाचते, त्यातले काही उतारे पाठ करते, आणि मग एका संध्याकाळी पीसा शहरातल्या पुलावरून ती पेटी आर्नो नदीत ढकलून देते. हे एका मैत्रिणीने दुसरीच्या आयुष्याचे केलेले काय आहे? चोरी आहे, मत्सर आहे, प्रेमही आहे, आणि पुढे हीच एलेना लेखिका म्हणून नाव कमावते. मैत्री म्हणजे निव्वळ आधार असे मानणाऱ्याला हे दृश्य वाचताच येणार नाही. ज्या मराठी कथांमध्ये मैत्रीण फक्त चहा करते, डोक्यावरून हात फिरवते आणि ‘तू एकटी नाहीस’ असे म्हणते, त्या मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात. तिने कधी ते गुपित दुसरीकडे बोलून टाकले नाही का? कधी तिला मैत्रिणीच्या दुःखात थोडे सुख वाटले नाही का? आपण सगळ्यांनी हे केले आहे.

आधार द्यायचाच तर तो कसा असतो हेही चांगली कादंबरी नेमके सांगते. सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ सालची छोटी कादंबरी म्हणजे नवरा गेल्यानंतरच्या शोककाळात रामातुलायने आपल्या मैत्रिणीला, आयसातूला, लिहिलेले एक लांबलचक पत्र आहे. रामातुलायच्या नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते, तेही स्वतःच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीशी, आणि लग्न लागून गेल्यावर इतर पुरुष येऊन तिला ते सांगतात. नवऱ्याने घर सोडल्यानंतर ती मुलाबाळांसह बसगाड्यांतून धक्के खात हिंडते हे आयसातूला कळते, तेव्हा ती सांत्वनाचे शब्द पाठवून थांबत नाही. ती तिला फियाट मोटार घेऊन देते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. मैत्रीला इथे आकडा आहे, चाके आहेत. कुटुंबाने काढून घेतलेली गोष्ट मैत्रिणीने पैसे मोजून परत दिली आहे.

मराठीत मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते ती शांता गोखले यांची १९९० सालची ‘रीटा वेलिणकर’. रीटा ही घरातली थोरली मुलगी. कळत्या वयापासून तिच्या पगारावर घर चालते. कचेरीतल्या विवाहित वरिष्ठाशी तिचे संबंध आहेत, ते वर्षानुवर्षे झाकलेले आहेत आणि झाकण्याचा सगळा भार तिने एकटीने उचललेला आहे. तो आपल्या घरी, आपल्या प्रतिष्ठेत, सुखरूप आहे. शेवटी तिचे मन मोडते आणि ती रुग्णालयात पोहोचते. तिथे तिच्याजवळ सरस्वती ही मैत्रीण आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हा १९३३ चा प्रश्न सत्तावन्न वर्षांनी रीटाच्या रूपाने पुन्हा उभा राहिलेला आहे. फरक एवढाच की आता त्याला एक ऐकणारी आहे. रीटाचे गुपित फोडायला सरस्वती आलेली नाही, आणि तिला उपदेश करायलाही नाही. रीटाला स्वतःचे आयुष्य पुन्हा एकदा, नव्याने जुळवून पाहता यावे, इतकी जागा तिच्या असण्याने तयार होते. या कादंबरीत लपवलेली गोष्ट वाचकापासून लपवलेलीच नाही. तिथे धक्का नाही, ओझे आहे. साचेबंद गोष्टीत आणि खऱ्या गोष्टीत फरक कुठे असतो हे मला या कादंबरीने शिकवले.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. कुणी म्हणेल, आणि गटात एका तरुण मुलीने तो फार नेमक्या शब्दांत मांडला, की ही सगळी मैत्री आणि ही सगळी गुपिते एका विशिष्ट वर्गाची आणि जातींची आहेत. ज्यांच्याकडे ट्रंक ठेवायला माळा आहे, पत्रे लिहायला निवांतपणा आहे, अब्रू जपण्यासारखे घराणे आहे, त्यांचीच ही दुखणी. एका खोलीत सात माणसे झोपतात तिथे कसले आले गुपित? हा आक्षेप खरा आहे, आणि मराठी लेखिकांच्या बऱ्याच मोठ्या परंपरेला तो लागू पडतो हे मला मान्य आहे. कविता महाजन यांच्या ‘ब्र’ने २००५ साली आदिवासी भागातल्या महिला सरपंचांकडे कादंबरी नेली, तेव्हा ‘ब्र न काढणे’ या आपल्या रोजच्या वाक्प्रचारात केवढे राजकारण दडले आहे हे अनेकांना पहिल्यांदा जाणवले. तशी उदाहरणे अजूनही थोडीच आहेत.

पण आक्षेपाचे दुसरे टोक, म्हणजे गरिबीत किंवा जातीच्या तळाशी गुपिते नसतातच हे गृहीतक, मात्र चूक आहे. बेबीताई कांबळे फलटणला किराणा मालाचे छोटे दुकान चालवत. मालाच्या पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचत, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या लिहीत. ते लिहिणे त्यांनी जवळपास वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. आणि या पुस्तकात एक मोठी गोष्ट नाही: स्वतःच्या संसारात सोसलेली मारहाण आणि संशय. ते बेबीताई बोलल्या ते पुढे, २००८ साली इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला त्यात छापलेल्या मुलाखतीत, अनुवादक माया पंडित यांच्याशी. वस्तीचे दुःख जगापुढे मांडताना आपले दुःख त्यांनी बाजूला सारले होते. हे पुस्तक आत्मकथन आहे, कादंबरी नाही, पण माझ्या मुद्द्याला याहून भक्कम पुरावा मला सापडत नाही. ज्या समाजाला आधीच बदनाम केले गेले आहे तिथल्या बाईला घरातले बोलणे दुप्पट महाग पडते, कारण ते शब्द शत्रूच्या हाती जाण्याचे भय असते. म्हणजे तळाशी गुपिते कमी नसतात. तिथे ती अधिक असतात, आणि ती सांगायला दुसऱ्या बाईचा कान मिळायला अधिक वर्षे लागतात.

हा कान पूर्वी कुठे होता हेही पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्याचा खुंटा एक, त्यावर दोन हात, समोरासमोर बसलेल्या दोघी. पहाटेची वेळ, घर झोपलेले, आणि दगडाची घरघर एवढी की भिंतीपलीकडे शब्द जाऊ नये. त्या दोघी कधी शेजारणी असत, कधी माय-लेकी, कधी जावा, कधी नणंद-भावजया. नवऱ्याचा मार, सासूचा जाच, भावाने न पाठवलेले बोलावणे, हे सगळे तिथे गायले गेले, कारण बोलायला मनाई होती आणि गायला नव्हती. जात्याला ईश्वर म्हणून हाक मारून त्याच्याआड एकमेकींना सांगायचे ही केवढी युक्ती होती! पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे हात सुटले, ते चांगलेच झाले. पण ती पहाटही गेली. नात्यातल्याच बायका तिथे घडीभर एकमेकींच्या मैत्रिणी होत, ही त्या व्यवस्थेची मोठी गंमत होती. आजच्या कादंबरीतल्या मैत्रिणींच्या लांबलचक संवादांना कंटाळणाऱ्यांनी ही पहाट डोळ्यांपुढे आणून पाहावी.

एक प्रश्न उरतो आणि तो मला खरोखर छळतो: सांगावे का? प्रत्येक गुपित फुटलेच पाहिजे असा आजच्या कथांचा हट्ट दिसतो. शेवटच्या प्रकरणात सगळे एका खोलीत जमतात, सत्य बोलले जाते, कुणी रडते, खिडकीतून ऊन येते. पण हक्कसोडपत्राची गोष्ट चारचौघांत बोलली की त्या बाईचे उरलेसुरले माहेर संपते, हे तिला पक्के ठाऊक असते. तिचे गप्प बसणे नेहमी भित्रेपणा नसते. कधी तो तिने काढलेला मार्ग असतो. ते मौन तिने निवडले की तिच्यावर लादले, हे ओळखणे मैत्रिणीचे काम आहे आणि कादंबरीकाराचेही. विभावरी शिरूरकर या नावामागे उभे राहून एका शिक्षिकेने जे लिहिले ते खऱ्या नावाने लिहिले असते तर कदाचित लिहिलेच गेले नसते. तिचे लपणे सत्याच्या बाजूचे होते.

आणि एक कादंबरी अजून मला वाचायला मिळालेली नाही. आमच्या इमारतीत सकाळी सातला एक बाई येतात, चार मजल्यांवरच्या पाच घरांत त्या भांडी, केर-लादी आणि पोळ्या करतात. कोणत्या घरात नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात, कुणाच्या मुलाच्या उशीखाली काय असते, कुठल्या सासूचे ताट आधी वाढून वेगळे ठेवले जाते, हे सगळे त्यांना माहीत आहे. त्यांनी ते आजवर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेलेले नाही. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. नात्याचा शब्द देतो आणि त्या शब्दाआड पगार, सुट्टी, आजारपण यांचा हिशोब झाकतो. पाच घरांची गुपिते सांभाळण्याचे वेगळे पैसे त्यांना कुणी देत नाही. दुपारी एक वाजता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या मावशींबरोबर डबा उघडतात आणि दोघी हळू आवाजात बोलत बसतात. मी जवळून गेले की थांबतात, हसून “काय ताई” म्हणतात, आणि मी पुढे गेले की पुन्हा सुरू होतात.